ग्राफिक्स कार्डाचा ताबा कोणाकडे? कर्नेल आणि ग्राफिक्स सॉफ्टवेअर यांच्यातील हार्डवेअरची वाटणी

संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नेल. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, नेटवर्क अशा सर्व यंत्रभागांचे व्यवस्थापन तो करतो. पडद्यावर खिडक्या, अक्षरे, चित्रे आणि चलचित्रे उमटवणारे ग्राफिक्स सॉफ्टवेअर मात्र बहुतांशी कर्नेलच्या बाहेर असते. दोघांनाही एकाच यंत्रभागाची, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची, गरज लागते. या कार्डाला प्रत्यक्ष हात कोणी लावायचा, हा प्रश्न वरकरणी निव्वळ तांत्रिक वाटतो. परंतु संगणक अचानक गोठणे, झाकण उघडल्यावर लॅपटॉपचा पडदा काळाच राहणे, किंवा सामान्य वापरकर्त्याला संपूर्ण यंत्रावर अधिकार मिळणे, अशा घटनांचे मूळ अनेकदा याच प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरात सापडते.

लिनक्स या मुक्त प्रणालीत हे उत्तर टप्प्याटप्प्याने बदलत गेले आणि तो बदल स्थिरावण्यास सुमारे १५ वर्षे लागली. लिनक्सचा विकास उघडपणे होत असल्याने या प्रवासाची प्रत्येक पायरी नोंदलेली आहे. अँड्रॉइड मोबाइल लिनक्सच्याच कर्नेलवर चालतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही लिनक्सवरच आधारलेली आहे. त्यामुळे हा प्रवास केवळ तज्ज्ञांपुरता मर्यादित राहत नाही.

एक कार्ड, दोन कामे

ग्राफिक्स कार्ड दोन निरनिराळी कामे करते. पहिले काम दाखवण्याचे. मेमरीच्या एका ठरावीक भागात पडद्यावरील प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहून ठेवलेला असतो. या भागाला फ्रेमबफर म्हणतात. तो क्रमाने वाचून पडद्याकडे पाठवत राहणे हे कार्डाचे काम. १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या पडद्यासाठी प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरले, तर एका चित्राला ८२,९४,४०० बाइट लागतात. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होत असेल, तर दर सेकंदाला जवळजवळ ५० कोटी बाइट वाचले जातात. पडद्याचे आकारमान, ताजेपणाचा वेग आणि रंगांची मांडणी यांच्या या एकत्रित निवडीला ‘मोड’ असे नाव आहे.

दुसरे काम चित्र रचण्याचे. त्रिकोण भरणे, प्रकाश-सावलीचा हिशेब करणे, खिडक्या एकमेकींवर मांडणे ही गणिते कार्डावरील स्वतंत्र प्रोसेसर, म्हणजे जीपीयू, करतो. हल्ली जीपीयूचा उपयोग चित्रांपलीकडे जाऊन वैज्ञानिक गणनेसाठी आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठीही होतो. तेव्हा त्याचा पडद्याशी काहीही संबंध नसतो. दाखवणे आणि रचणे ही कामे एकाच कार्डावर होत असली, तरी त्यांच्या गरजा वेगळ्या आहेत. पडदा एक असतो, म्हणून दाखवण्याचा अधिकार एका वेळी एकालाच देता येतो. रचण्याचे काम मात्र अनेक प्रोग्राम एकाच वेळी मागतात. हा भेद ओळखून त्यानुसार अधिकारांची विभागणी करणे हाच पुढील सर्व सुधारणांचा आधार ठरला.

थेट हात लावण्यातील धोका

आधुनिक प्रोसेसर प्रोग्रामना दोन दर्जांत चालवतो. कर्नेल वरच्या दर्जात चालतो व त्याला सर्व यंत्रभागांपर्यंत पोहोचता येते. इतर प्रोग्राम खालच्या दर्जात चालतात व त्यांना केवळ स्वतःला नेमून दिलेली मेमरी दिसते. एका प्रोग्रामने दुसऱ्याच्या मेमरीत डोकावण्याचा प्रयत्न केला, तर प्रोसेसर तो तत्काळ रोखतो.

ग्राफिक्स कार्डाशी बोलण्याच्या मुख्य वाटा तीन आहेत. कार्डावरील नियंत्रक रकाने, म्हणजे रजिस्टर, मेमरीच्या काही पत्त्यांवर दिसतात. तेथे लिहिले की कार्डाची स्थिती बदलते. दुसरी वाट आज्ञांच्या रांगेची: मेमरीत आज्ञा ओळीने लिहून ठेवायच्या आणि जीपीयू त्या सवडीने उचलतो. तिसरी वाट सर्वांत नाजूक आहे. मुख्य प्रोसेसरची मदत न घेता कार्ड स्वतःच संगणकाची मेमरी वाचते व तीत लिहिते. या पद्धतीला डीएमए म्हणतात.

धोका येथेच आहे. प्रोसेसरची पहारेदारी प्रोसेसरमार्फत होणाऱ्या व्यवहारांवर चालते. कार्डाने थेट केलेल्या व्यवहारांना ती लागू होत नाही. म्हणून जो प्रोग्राम जीपीयूला मनाजोगी आज्ञा देऊ शकतो, तो स्वतःला निषिद्ध असलेली मेमरी जीपीयूकरवी वाचून घेऊ शकतो. पुढे आयओएमएमयू नावाचा स्वतंत्र पहारेकरी संगणकात आला आणि जीपीयूमध्येही प्रत्येक प्रोग्रामसाठी वेगळे पत्तेक्षेत्र ठेवण्याची सोय झाली. तथापि हे पहारेकरी कोणत्या नियमांनी चालवायचे हे ठरवणारा कोणीतरी असावाच लागतो. तो कर्नेलच असला पाहिजे, हे आज निर्विवाद मानले जाते. पूर्वी तसे मानले जात नव्हते.

एक्स सर्व्हरचा काळ

युनिक्स परिवारातील प्रणालींवर खिडक्या दाखवणारी ‘एक्स विंडो सिस्टीम’ १९८४ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जन्मली. तिची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये आली आणि तीच पुढे रूढ झाली. या रचनेत ‘एक्स सर्व्हर’ हा प्रोग्राम पडदा, कळफलक व माऊस सांभाळतो. इतर प्रोग्राम त्याच्याकडे रेघ, अक्षर वा चित्र काढण्याची विनंती करतात.

घरगुती संगणकांसाठी १९९२ पासून विकसित होत गेलेल्या ‘एक्सफ्री८६’ या आवृत्तीने ग्राफिक्स कार्डांचे ड्रायव्हर कर्नेलमध्ये न ठेवता एक्स सर्व्हरमध्येच ठेवले. यामागे व्यवहार्य कारण होते. त्या वेळी लिनक्स, विविध बीएसडी आणि अन्य अनेक कर्नेल वापरात होते. प्रत्येकासाठी वेगळा ड्रायव्हर लिहिण्यापेक्षा सर्व्हरमध्ये एकदाच लिहिलेला ड्रायव्हर सर्वत्र चालवणे सोपे होते. मात्र त्यासाठी एक्स सर्व्हरला ‘रूट’चा, म्हणजे सर्वोच्च व्यवस्थापकाचा, अधिकार द्यावा लागे आणि कार्डाच्या रजिस्टरांपर्यंत थेट प्रवेशही द्यावा लागे.

परिणाम असा झाला की कर्नेलला पडद्याची खरी स्थिती ठाऊकच नसे. एक्समधून अक्षरी पडद्यावर जाताना कर्नेलने सर्व्हरला सूचना करायची, सर्व्हरने कार्ड पूर्वस्थितीत आणायचे आणि मग होकार द्यायचा, असा शिष्टाचार होता. सर्व्हरच अडकला असेल, तर परतीची वाट बंद होई. लॅपटॉप झोपेतून उठला की कर्नेल बाकी यंत्रभाग जागे करी. परंतु ग्राफिक्स कार्ड कसे जागे करायचे हे त्याला माहीत नसे. कर्नेलमध्येच गंभीर बिघाड झाला, तर त्याचा संदेश दाखवायला पडदा हाती नसल्याने वापरकर्त्याला केवळ गोठलेले चित्र दिसे.

सुरक्षेचा प्रश्न अधिक गंभीर होता. २००६ मध्ये फ्रेंच संशोधक लोईक द्युफ्लो यांनी दाखवून दिले की, एक्स सर्व्हरला मिळणाऱ्या थेट यंत्रप्रवेशाचा आधार घेऊन प्रोसेसरच्या एका विशेष कार्यस्थितीत शिरता येते आणि कर्नेलने घातलेले निर्बंध ओलांडता येतात. त्यांनी उदाहरणादाखल निवडलेली प्रणाली सुरक्षेबाबत अतिशय काटेकोर मानली जाणारी ओपनबीएसडी होती. कर्नेल कितीही मजबूत असला, तरी त्याच्या शेजारीच पूर्ण अधिकाराचा दुसरा दरवाजा उघडा ठेवला तर त्या मजबुतीला अर्थ उरत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

पहिली तडजोड

१९९० च्या दशकाच्या अखेरीस त्रिमितीय ग्राफिक्सची मागणी वाढली. प्रत्येक त्रिकोणासाठी एक्स सर्व्हरकडे विनंती पाठवणे वेळखाऊ होते. प्रोग्रामला जीपीयूपर्यंत जवळची वाट हवी होती. रेड हॅट आणि सिलिकॉन ग्राफिक्स या कंपन्यांच्या अर्थसाहाय्याने ‘प्रिसिजन इनसाइट’ या कंपनीने ‘डायरेक्ट रेंडरिंग इन्फ्रास्ट्रक्चर’, म्हणजे डीआरआय, ही रचना तयार केली. मार्च २००० मध्ये आलेल्या एक्सफ्री८६ च्या चौथ्या आवृत्तीत ती समाविष्ट झाली.

या रचनेचा कर्नेलमधील भाग ‘डायरेक्ट रेंडरिंग मॅनेजर’ म्हणून ओळखला जातो. त्याची आद्याक्षरे डीआरएम अशी होतात. चित्रपट-संगीताच्या नकलांवर निर्बंध घालणाऱ्या तंत्रासाठीही हीच आद्याक्षरे वापरली जातात. परंतु त्या दोहोंचा एकमेकांशी संबंध नाही.

प्रारंभीच्या डीआरएमचे काम मर्यादित होते. कार्डासाठी एकच कुलूप होते; ज्याच्या हाती कुलूप, त्याने कार्डाशी बोलायचे. कुलूप हाती असताना एखादा प्रोग्राम बंद पडला, तर कर्नेल ते मोकळे करी. परंतु पडद्याचा मोड बदलणे अजूनही एक्स सर्व्हरकडेच होते आणि कार्डावरील मेमरीच्या वाटपाची सुसंगत व्यवस्था नव्हती. २००६ च्या सुमारास पारदर्शक, हलत्या खिडक्यांचे डेस्कटॉप लोकप्रिय झाले. त्यांत प्रत्येक खिडकीचे चित्र आधी मेमरीत वेगळे रचावे लागते आणि मग सर्व चित्रे एकत्र मांडावी लागतात. एका कुलपाच्या रचनेला हे पेलवेना. एकाच यंत्रभागाचे दोन मालक ही अवस्था फार काळ टिकणारी नव्हती.

विंडोजचा अनुभव

हीच अडचण मायक्रोसॉफ्टनेही वेगळ्या क्रमाने अनुभवली. १९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटीच्या पहिल्या आवृत्तीत ग्राफिक्सची व्यवस्था कर्नेलबाहेरच्या स्वतंत्र प्रक्रियेत होती. वेग वाढवण्यासाठी १९९६ च्या एनटी ४.० मध्ये तिचा मोठा भाग कर्नेलमध्ये हलवण्यात आला. वेग वाढला, पण ग्राफिक्स ड्रायव्हरमधील चूक आता संपूर्ण प्रणाली पाडू शकत होती. निळ्या पडद्यावर येणाऱ्या बिघाड-संदेशांचे हे एक प्रमुख कारण ठरले.

२००७ च्या प्रारंभी सर्वांसाठी उपलब्ध झालेल्या विंडोज व्हिस्टामध्ये ड्रायव्हरचे दोन तुकडे करण्यात आले. आज्ञा तयार करणारा मोठा व गुंतागुंतीचा भाग प्रोग्रामच्या बाजूस राहिला. मेमरीचे वाटप, वेळेची विभागणी आणि कार्डाशी प्रत्यक्ष व्यवहार करणारा लहान भाग कर्नेलमध्ये राहिला. जीपीयूने ठरावीक मुदतीत, मूळ नियमानुसार २ सेकंदांत, प्रतिसाद दिला नाही, तर कर्नेल त्याला नव्याने सुरू करतो. पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हा उजळतो आणि ड्रायव्हर सावरल्याचा संदेश येतो. तो याच व्यवस्थेचा परिणाम. सर्वस्व बाहेर ठेवणे आणि सर्वस्व आत ठेवणे, या दोन्ही टोकांचा अनुभव घेतल्यावर मधली रेषा सापडली.

ताबा कर्नेलकडे

लिनक्समध्ये निर्णायक बदल २००८ व २००९ या दोन वर्षांत झाला. पहिला प्रश्न मेमरीचा होता. इंटेलमधील कीथ पॅकार्ड आणि एरिक अनहोल्ट यांनी मे २००८ मध्ये ‘जेम’ ही व्यवस्था मांडली व डिसेंबर २००८ मधील २.६.२८ या कर्नेलमध्ये ती आली. तिचे तत्त्व सोपे आहे. प्रोग्रामला ग्राफिक्ससाठी मेमरी हवी असेल, तर त्याने कर्नेलकडे मागावी. कर्नेल त्याला प्रत्यक्ष पत्ता न देता केवळ एक क्रमांक देतो. तो क्रमांक दाखवूनच पुढील व्यवहार करावे लागतात. मेमरी कोठे ठेवायची, केव्हा हलवायची, कोणाला दाखवायची हे कर्नेल ठरवतो. स्वतंत्र मेमरी असलेल्या कार्डांसाठी ‘टीटीएम’ ही अधिक विस्तृत व्यवस्था २००९ मध्ये कर्नेलमध्ये आली.

दुसरा प्रश्न मोडचा. मार्च २००९ मधील २.६.२९ या कर्नेलमध्ये इंटेलच्या कार्डांसाठी ‘कर्नेल मोड सेटिंग’ आले. पडद्याचा मोड ठरवण्याचे काम एक्स सर्व्हरकडून काढून कर्नेलकडे देण्यात आले. एएमडी-रेडिऑन आणि एनव्हिडियाच्या कार्डांसाठीचे मुक्त ड्रायव्हर त्यापाठोपाठ याच मार्गाने आले.

याचे फळ वापरकर्त्याला लगेच दिसले. संगणक सुरू होताना पडदा वारंवार लुकलुकणे थांबले. एका वापरकर्त्याच्या सत्रातून दुसऱ्याकडे जाणे सुलभ झाले. झोपेतून उठलेल्या लॅपटॉपचा पडदा कर्नेल स्वतः पूर्ववत करू लागला. पुढे ऑगस्ट २०१५ मधील ४.२ या आवृत्तीपासून ‘ॲटॉमिक’ पद्धत वापरायला मिळाली. अनेक पडद्यांचे अनेक बदल एकत्र मांडायचे. कर्नेल ते आधी तपासून पाहतो आणि सर्व शक्य असतील तरच एकाच क्षणी अमलात आणतो. एखादा बदल अशक्य असेल, तर काहीच बदलत नाही. अर्धवट बदलामुळे पडदा बिघडण्याचा प्रसंग त्यामुळे टळतो.

वेळेची वाटणी

मेमरीप्रमाणेच जीपीयूचा वेळही वाटावा लागतो. शेतीच्या पाटावर पाण्याची पाळी ठरलेली असते आणि पाटकरी ज्याची पाळी त्याच्या शेताकडे पाणी सोडतो. स्वतः शेत मात्र पिकवत नाही. ग्राफिक्समध्ये कर्नेलची भूमिका अशीच आहे. निरनिराळ्या प्रोग्रामनी तयार केलेल्या आज्ञांच्या जुड्या तो स्वीकारतो, त्यांचा क्रम लावतो आणि जीपीयूकडे सोपवतो. चित्रात काय आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

जीपीयू आपले काम मुख्य प्रोसेसरच्या वेळेनुसार करीत नाही. म्हणून प्रत्येक जुडीला एक खूण जोडलेली असते. काम पूर्ण झाले की ती खूण उठते आणि त्या कामावर अवलंबून असलेले पुढील काम सुरू होते. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची, तर एका चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. या अवधीत खूण उठली नाही, तर जुनेच चित्र पुन्हा दिसते आणि दृश्य अडखळते. खूण फारच लांबली, तर जीपीयू अडकला असे समजून कर्नेल त्याला नव्याने सुरू करतो व दोषी प्रोग्रामला तसे कळवतो.

दोन वेगळ्या किल्ल्या

ताबा कर्नेलकडे आला, तरी परवानगीचा एक जुना नियम उरला होता. कार्डाची एकच फाइल होती. ती वापरणाऱ्यांपैकी एक ‘मास्टर’ असे. त्यालाच मोड बदलता येई. इतरांनी कर्नेलकडून एक क्रमांक घ्यायचा, तो एक्स सर्व्हरला द्यायचा आणि सर्व्हरने कर्नेलला मान्यता कळवायची. ज्याला पडद्याशी काही देणे-घेणे नाही, फक्त गणना करायची आहे, त्यालाही हा फेरा चुकत नसे.

नोव्हेंबर २०१३ मधील ३.१२ या कर्नेलमध्ये ‘रेंडर नोड’ प्रायोगिक स्वरूपात आले आणि पुढील वर्षी ते सर्वांसाठी खुले झाले. आता एका कार्डाच्या दोन फाइली दिसतात: एक मोड बदलण्यासाठी, दुसरी केवळ रचण्यासाठी. दुसरीतून पडद्याला हात लावता येत नाही, म्हणून ती सामान्य प्रोग्रामला देण्यात फारसा धोका नाही. जुलै २०१४ मध्ये आलेल्या एक्स सर्व्हरच्या १.१६ या आवृत्तीत रूटच्या अधिकाराविना चालण्याची सोय झाली. सत्र सांभाळणारी सेवा त्याच्या वतीने कार्डाची फाइल उघडून देते व सत्र बदलताच तो अधिकार काढून घेते.

तरीही अनेक प्रणालींवर जुन्या ड्रायव्हरांच्या सोयीसाठी सर्व्हरचा सर्वोच्च अधिकार कायम राहिला. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्याची किंमत दिसून आली. नरेंद्र शिंदे या सुरक्षा-संशोधकाने एक्स सर्व्हरमधील एक त्रुटी उघड केली. सर्व्हर सुरू करताना नोंदवहीची फाइल कोठे ठेवायची हे सांगण्याची मुभा होती. पण सांगणाऱ्याचा अधिकार नीट तपासला जात नव्हता. सर्व्हर रूटच्या अधिकाराने चालत असल्यास सामान्य वापरकर्त्याला प्रणालीची कोणतीही फाइल, अगदी संकेतशब्दांचीही, बदलता येत होती. ही त्रुटी ग्राफिक्सशी संबंधित नव्हती. परंतु ग्राफिक्स कार्डासाठी म्हणून दिलेल्या अधिकारामुळेच एक साधी चूक संपूर्ण यंत्राच्या ताब्यापर्यंत पोहोचली.

कार्डांमधील देवघेव आणि परवान्याचा वाद

अनेक लॅपटॉपमध्ये दोन जीपीयू असतात: वीज वाचवणारा एक आणि वेगवान दुसरा. मोबाइलमध्ये कॅमेरा, चलचित्र उलगडणारा भाग, जीपीयू आणि पडदा हे सारे वेगवेगळे यंत्रभाग असतात. कॅमेऱ्याने टिपलेले चित्र प्रत्येक टप्प्यावर नक्कल करून पुढे पाठवले, तर वेळ आणि बॅटरी दोन्ही वाया जातात. मार्च २०१२ मधील ३.३ या कर्नेलमध्ये आलेल्या ‘डीएमए-बफ’ या व्यवस्थेने हा प्रश्न सोडवला. सुमित सेमवाल यांनी ती कर्नेलमध्ये आणली. एका ड्रायव्हरने मेमरीचा तुकडा ‘निर्यात’ करायचा, दुसऱ्याने तोच ‘आयात’ करायचा. नक्कल होत नाही, केवळ हक्क हस्तांतरित होतो.

या व्यवस्थेचा वापर करण्याचा हक्क कर्नेलने मुक्त परवान्याच्या ड्रायव्हरांपुरता राखून ठेवला होता. एनव्हिडियाचा ड्रायव्हर बंदिस्त असल्याने कंपनीने हा निर्बंध शिथिल करण्याची विनंती २०१२ मध्ये केली. परंतु काही कर्नेल-विकासकांनी त्यास नकार दिला. आपल्या परिश्रमावर उभा राहणारा भागही सर्वांना वाचता व तपासता यावा, ही त्यांची भूमिका होती. अखेर मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने आपल्या ड्रायव्हरचा कर्नेलमधील भाग मुक्त परवान्याने प्रसिद्ध केला. कर्नेलबाहेरचा भाग बंदिस्तच ठेवला. ग्राफिक्सची रेषा कोठे आखायची हा प्रश्न अशा रीतीने कायद्याच्या आणि मालकीच्या क्षेत्रातही पोहोचतो.

कर्नेलबाहेर काय राहिले?

कर्नेलकडे ताबा गेला, याचा अर्थ सर्व ग्राफिक्स त्यात गेले असा नाही. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला ‘मेसा’ हा प्रकल्प आज लिनक्सवरील मुक्त ग्राफिक्स ड्रायव्हरांचा मोठा भाग सांभाळतो आणि तो पूर्णतः कर्नेलबाहेर आहे. खेळाने वा नकाशाने दिलेली वर्णने घेऊन त्यांचे जीपीयूला समजणाऱ्या आज्ञांत रूपांतर करणे हे त्याचे काम. त्यासाठी त्यात संपूर्ण भाषांतरक यंत्रणा असते. अशा गुंतागुंतीच्या भागात चुका होणारच. त्या कर्नेलबाहेर झाल्या, तर एक प्रोग्राम बंद पडतो; कर्नेलमध्ये झाल्या, तर यंत्र बंद पडते. विभागणीचा नियम त्यावरून ठरतो: ज्यावर इतरांची सुरक्षितता अवलंबून आहे, तेवढेच कर्नेलमध्ये.

ड्रायव्हरचे ओझे सर्व्हरवरून उतरल्यामुळे नव्या रचनेलाही वाव मिळाला. क्रिस्टियान होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या ‘वेलँड’मध्ये खिडक्या मांडणारा प्रोग्रामच थेट कर्नेलशी बोलतो. वेगळ्या एक्स सर्व्हरची मध्यस्थी त्यात नाही. आज लिनक्सच्या प्रमुख डेस्कटॉपांनी हीच रचना स्वीकारली आहे.

मोबाइल आणि ब्राउझर

या विभागणीतही एक दुबळी जागा आहे. अँड्रॉइडवर प्रत्येक ॲप स्वतंत्र कोंडवाड्यात चालते. त्याला कर्नेलच्या फार थोड्या दरवाजांपर्यंत जाता येते. परंतु पडद्यावर काही दाखवायचे तर जीपीयू लागतोच, म्हणून ग्राफिक्स ड्रायव्हरचा दरवाजा जवळपास प्रत्येक ॲपसाठी उघडा ठेवावा लागतो. साहजिकच हल्लेखोरांचे लक्ष तेथे जाते. अँड्रॉइडच्या मासिक सुरक्षा-पत्रकांत जीपीयू ड्रायव्हरमधील त्रुटी वारंवार नोंदवलेल्या आढळतात. मोबाइलची सुरक्षा-सुधारणा वेळेवर स्वीकारणे का आवश्यक आहे, याचे हे एक ठोस कारण आहे. जुन्या मोबाइलला अशा सुधारणा मिळणे थांबले की हा दरवाजा तसाच उघडा राहतो.

ब्राउझरची स्थितीही तशीच आहे. २०११ मध्ये निश्चित झालेल्या ‘वेबजीएल’ या मानकामुळे संकेतस्थळांना जीपीयूसाठी प्रोग्राम पाठवता येऊ लागले. अनोळखी संकेतस्थळाने पाठवलेल्या आज्ञा थेट कार्डाकडे जाऊ नयेत म्हणून ब्राउझर त्या आधी तपासतात. क्रोमसारखे ब्राउझर जीपीयूचे काम वेगळ्या प्रक्रियेत ठेवतात. ती प्रक्रिया कोसळली, तरी ब्राउझर चालू राहतो.

बिघाड झाल्यास

लिनक्सवर नवा कर्नेल बसवल्यानंतर पडदा काळाच राहिला, तर संगणक सुरू होताना कर्नेलला ‘नोमोडसेट’ हा शब्द देण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. त्याचा अर्थ आता स्पष्ट व्हावा. ‘मोड बदलण्याचे काम तूर्त करू नकोस,’ असे कर्नेलला सांगितले जाते. मग संगणकाने सुरुवातीला दिलेला साधा पडदा तसाच वापरला जातो. चित्र मंद व कमी स्पष्टतेचे असते, पण दुरुस्ती करण्यापुरते दिसते. हा कायमचा उपाय नव्हे. योग्य ड्रायव्हर बसवल्यावर तो शब्द काढून टाकावा लागतो.

कर्नेलमध्येच बिघाड झाला, तर त्याचा संदेश पडद्यावर दाखवण्याची समान व्यवस्था जुलै २०२४ मधील ६.१० या आवृत्तीत आली. त्याच वर्षीच्या ६.१२ या आवृत्तीपासून बिघाडाचा तपशील क्यूआर कोडच्या रूपानेही दाखवता येतो. तो मोबाइलने टिपून दुरुस्ती करणाऱ्याकडे पाठवता येतो. पूर्वी अशा वेळी गोठलेल्या चित्रापलीकडे काहीच दिसत नसे, कारण पडदा कर्नेलच्या हाती नव्हता.